रविवारच्या तीन प्रती

"ढवळत राहा गं," आई खुर्चीवरून सांगत होती. "हात थांबला की कढी फुट—"

स्वयंपाकघरातला दिवा डोळे दिपतील इतका पांढरा पेटला. फ्रिज करकरला, बाहेरच्या खोलीतल्या पंख्याने भलताच वेग घेतला आणि दुसऱ्या क्षणी सगळं घर गप्प झालं. आईच्या गळ्यातल्या पट्टीवरचा हिरवा ठिपकाही विझला.

गौतमीने पळी तशीच सोडली आणि मधल्या खोलीत धावली. भिंतीतल्या कपाटातून जळक्या रबराचा वास येत होता. संगणकाला तिने हात लावून पाहिला. चटका बसला. जळका वास आला तर बटण दाबून बघायचं नाही, हे ती रोज फोनवरून लोकांना सांगायची. तिने बटण दाबलं नाही. कपाटाचं दार उघडं ठेवून ती परत आली.

आई तशीच बसली होती. तिने ओठ जुळवले, सगळा चेहरा एका वाक्यासाठी गोळा केला.

"बरं का," ती म्हणाली.

हे तिच्या स्वतःच्या तोंडातून आलं होतं, जाडसर, एका बाजूने ओढल्यासारखं. तिने पुन्हा प्रयत्न केला.

"बरं का. बरं का."

तिचे डोळे शेगडीकडे होते. कढी फुटली होती.

*

शैलजा सांगावकर यांनी मिरजेत तीस वर्षं विमा विकला. समोरच्याला त्याच्या मरणाची आठवण करून द्यायची आणि तरी त्याने चहा पाजून सही करावी, असं बोलणं त्यांना साधलं होतं. कटू मुद्दा आला की त्या आधी 'बरं का' म्हणत. "बरं का भाऊ, उद्या तुम्ही नसलात तर..." अडीच वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, आणि हजारो शब्दांतले हे दोनच मागे राहिले. असं होतं, डॉक्टर म्हणाले. बाकी सगळं जातं आणि सवयीचं एखादं पालुपद तेवढं जिभेवर राहतं. आईला सगळं समजत होतं. काय म्हणायचं तेही तिच्या मनात पक्कं असे. मनापासून तोंडापर्यंतचा रस्ता तेवढा वाहून गेला होता.

हरपलेली वाचा परत देणारी वाचायंत्रं तेव्हा नुकतीच मोठ्या शहरांबाहेर मिळू लागली होती. कवटीच्या आत कागदाहून पातळ अशी जाळी बसवत. बोलण्याआधी मेंदूत जी खळबळ होते ती ही जाळी टिपायची, घरातला संगणक त्या खळबळीचे शब्द करायचा आणि गळ्यातल्या पट्टीतून ते माणसाच्याच जुन्या आवाजात ऐकू यायचे. संगणक एकच, पण त्याच्या पोटात तीन आभासी संगणक चालत, प्रत्येक जण स्वतःला स्वतंत्र समजणारा. पहिला खळबळ वाचायचा, दुसरा शब्द निवडायचा, तिसरा त्यांना आवाज द्यायचा. एक अडखळला तर बाकीचे दोघे कोलमडू नयेत म्हणून ही वेगवेगळी बिऱ्हाडं.

खरी कमाल दुसऱ्याची होती. जाळीला जे ऐकू येई ते फार पुसट असायचं. म्हणून शब्द निवडणारा अर्धं ऐकायचा आणि अर्धं अंदाजाने भरायचा: हे माणूस, या वेळी, या खोलीत, समोर असलेल्या माणसाशी सहसा काय बोलतं. चुकला तर आईने डाव्या हाताची चिमटी दाबायची. तर्जनीत एक अंगठी होती. चिमटी दाबली की वाक्य रद्द, आणि तो अंदाज पुढच्या खेपेला जरा मागे. दाबली नाही की आपलं बरोबर आलं असं धरून तो अंदाज जरा आणखी पक्का. इकडे आईचा मेंदूही शिकत होता, यंत्राला कळेल अशा बेताने विचार करायला. दोघं अर्धी अर्धी वाट चालून मध्ये भेटत. वर्षभरात आई इतक्या सफाईने बोलू लागली की भाजीवाल्याने एकदा पट्टीकडे बघून विचारलं, मावशी, मानेला काय झालं?

गौतमी हेच काम करायची, म्हणजे संगणकांचं. पुण्याची नोकरी सोडून ती मिरजेला आली होती आणि आसपासच्या पतसंस्था, दूध संघ, दोन साखर कारखाने यांच्या संगणकांच्या प्रती कशा, किती, कुठे ठेवायच्या याच्या योजना आखून द्यायची. आईचं यंत्र घरी आलं तेव्हा तिने आईबाबांना समोर बसवून तशीच योजना समजावली होती.

"प्रती तीन," ती म्हणाली. "एक स्टोअररूममधल्या, कायम तारेला जोडलेल्या साठवणपेटीत, एक कपाटातल्या डिस्कवर, आणि एक घराबाहेर."

"तीन कशाला?" बाबांनी विचारलं. प्रभाकर सांगावकर वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांना प्रत्येक जास्तीच्या तारेचा हिशेब लागायचा.

"घरालाच आग लागली तर घरातल्या दोन्ही जातील."

"मग बाहेरची यासीनकडे ठेवू. त्याच्या घरातली वस्तू हरवत नाही. तो हरवतो, पण हमीदा शोधून काढते."

इंटरनेटवर चढवून ठेवायचा मार्ग नव्हता. मेंदूतून टिपलेली कुठलीही माहिती परक्या संगणकांवर ठेवायला कायद्याने बंदी होती. कुलूपबंद डिस्क हातोहात नेली तर चालायची.

"म्हणजे ही माझ्या जिभेची पॉलिसीच झाली," आई पट्टीतून म्हणाली. "हप्ता काय बसतो?"

"रोज दुपारी पाऊण तास गप्प बसायचं."

"मग दोन पॉलिसी काढ," बाबा म्हणाले.

गप्प बसायला कारण होतं. चालत्या यंत्राची प्रत घेता येते, पण तिन्ही आभासी संगणक एकमेकांशी अखंड बोलत असतात. पहिल्याची प्रत घेऊन दुसऱ्याकडे वळेपर्यंत दुसरा पुढे गेलेला असतो. अशा प्रतीवरून परत उभं केलं तर तिघांना तीन वेगळे क्षण आठवतात आणि त्यांचा मेळ बसत नाही. म्हणून तिघांना एकाच क्षणी थांबवायचं, प्रत घ्यायची, ती तपासायची, मग पुन्हा सुरू करायचं. आई जेवणानंतर लवंडायची ती वेळ गौतमीने ठरवली. मात्र यंत्राने आपणहून थांबावं आणि आईचं वाक्य मध्येच तुटावं हे तिला बरं वाटेना. म्हणून तिने पडद्यावर एक प्रश्न ठेवला. रोज दुपारी यंत्र विचारायचं, आता प्रत घ्यायची का? खाली दोन बटणं. 'हो' आणि 'नंतर'.

ग्राहकांच्या यंत्रांवर तिने असं बटण कधीच ठेवलं नव्हतं.

'हो' दाबायचं काम बाबांकडे होतं. आई लवंडली की ते चष्मा लावून पडद्यापाशी जात, बटण दाबत आणि पाऊण तास तिच्याजवळ पेपर वाचत बसत. रविवारी संध्याकाळी डिस्क शर्टाच्या खिशात घालून आपल्या जुन्या मित्राकडे, यासीन मुजावरांकडे, जात, त्यांच्या कपाटातली आदल्या आठवड्याची डिस्क घेऊन ही ठेवत, आणि रमीचे दोन डाव खेळून येत.

असे एका रविवारी जाऊन आले, आणि सोमवारी सकाळी नळाची चावी फिरवायला अंगणात गेले ते तिथेच बसले. गौतमी बाहेर आली तेव्हा पाणी वाहत होतं.

*

भेटायला येणारी माणसं दुपारीच यायची. जेवणं उरकून, ऊन अंगावर घेत, एकेकटी, जोडीने. त्यांच्यासमोर आईला मुकं करणं शक्यच नव्हतं. यंत्राने विचारलं की गौतमी 'नंतर' दाबायची. तेराव्यापर्यंत तसंच चाललं, आणि त्यात वावगं काही नव्हतं.

त्या दिवसांत आई काय बोलायची ते मात्र ऐकवत नसे. एक बाई आल्या, आईचा हात हातात घेऊन रडू लागल्या. आई त्यांना काहीतरी सांगायला गेली, आणि पट्टीतून तिचा नेहमीचा टवटवीत आवाज आला, "हे बाहेर गेलेत, येतीलच एवढ्यात." बाईंचा हात सुटला. आईने चिमटी दाबली. पुन्हा दाबली. यंत्राचा दोष नव्हता. या वेळी, या खोलीत, पाहुणा समोर असताना शैलजा सांगावकर हेच म्हणते, हे ते वर्षभर शिकलं होतं.

मग आई एकेक वाक्य सुधारत गेली. 'हे म्हणतात' आलं की चिमटी. 'ह्यांना विचारते' आलं की चिमटी. वाक्य मनाशी धरून ठेवायचं, जोर लावायचा, चुकीचं ऐकायचं, रद्द करायचं, परत जोर लावायचा. कधी घाम फुटायचा. पहिल्यांदा 'हे म्हणायचे' असं धड बाहेर पडलं तेव्हा दोघी पालेभाजी निवडत होत्या. आईने हातातली जुडी खाली ठेवली, आणि मग ती रडली. तोवर रडली नव्हती.

त्यानंतर ती दुपारची झोपेनाशी झाली. जेवण झालं की भिंतीला टेकून बसायची आणि बाबांबद्दल बोलायची. लग्नाआधी बाबा सायकलवरून बेडगपर्यंत तिच्या बसमागे आले होते ते, आणि बसमध्ये ती नव्हतीच ते. हे गौतमीने कधी ऐकलं नव्हतं. यंत्र विचारायचं, आता प्रत घ्यायची का? गौतमी आईकडे बघायची आणि 'नंतर' दाबायची. आजचा दिवस बोलू दे तिला. दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी का घेतली नाही, संध्याकाळी का नाही? सकाळी आईला गौतमीशी बोलायचं असे, संध्याकाळी शेजारणींशी. पट्टीचा ठिपका विझलेला दोघींनाही बघवत नसे.

अगदीच काही नाही असं नको म्हणून ती रोज संगणकाच्या स्वतःच्याच डिस्कवर यंत्राची झटपट छबी काढून ठेवायची. त्याला थांबावं लागत नाही. पण ती प्रत नव्हे, हेही ती लोकांना सांगायची. ज्या फांदीवर बसलात तिलाच टांगलेली पिशवी ती. फांदी तुटली की पिशवी कशी राहील?

आठ महिन्यांनी कोपऱ्यावरच्या खांबावर न्यूट्रलची तार तुटली, घरात चारशे व्होल्ट शिरले, आणि संगणकातल्या, एक गेली तर दुसरी असावी म्हणून बसवलेल्या, दोन्ही जोडडिस्का एकदम गेल्या. स्टोअरमधली पेटीही जळाली. कपाटातली डिस्क तारेला जोडलेली नव्हती, ती नीट होती. तिच्यावर रविवार होता, बाबांचा शेवटचा. मुजावरांकडच्या डिस्कवर तोच रविवार. आणि जळून गेलेल्या पेटीतही तोच.

*

जळक्या डिस्का तिने पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. तिथला माणूस ओळखीचा होता. त्याने फोन केला आणि आधी तब्येत विचारली, तेव्हाच तिला कळलं.

"काहीच नाही?" ती म्हणाली.

"मॅडम, तुम्हाला मी काय सांगायचं..."

नवीन संगणक आला. तो लावण्याआधी गौतमी आईसमोर पाटावर बसली. या दिवसांत आईला ती हो-नाहीचे प्रश्न विचारायची. आई मान हलवायची आणि वर 'बरं का' म्हणायची. पहिल्या दिवशी दोघींना एकदा हसूही आलं होतं, गौतमीने विचारलं भात की भाकरी, आणि आई रागाने 'बरं का' म्हणाली तेव्हा.

"आई, प्रत आहे. पण ती रविवारची आहे. बाबा गेले त्याच्या आदल्या दिवसाची."

आई तिच्याकडे बघत राहिली.

"दुसरा मार्ग म्हणजे कोऱ्या यंत्रापासून सुरुवात. डॉक्टर म्हणतात दीड-दोन वर्षं. कदाचित तेवढंही जमणार नाही. या आठ महिन्यांत तुला आणखी एक छोटा झटकाही येऊन गेलाय."

आईने डावा हात उचलून गौतमीच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग मान हलवली. कशाला हलवली हे स्पष्ट होतं. तिला आत्ताच बोलायचं होतं.

डॉक्टर तांबट शनिवारी घरी आल्या. वाचायंत्राच्या रुग्णांना शिकवणाऱ्या त्या. आईशी त्यांचं चांगलं जमायचं. ठिपका हिरवा झाल्यावर त्यांनी नेहमीची प्रश्नावली काढली.

"तुमचं पूर्ण नाव सांगा बघू."

"शैलजा प्रभाकर सांगावकर." तोच आवाज, ठणठणीत. गौतमीने श्वास सोडला.

"कुठं राहता?"

"मिरजेत. ब्राह्मणपुरीत. तुम्ही आत्ता घरातच बसलाय की."

डॉक्टर हसल्या. पुढचा प्रश्न त्यांनी छापील कागदावरून वाचला, सवयीने. "घरात कोण कोण असतं?"

"मी, हे, आणि गौतमी."

आईने चिमटी दाबली.

"आम्ही तिघं."

चिमटी.

"हे आणि आम्ही दोघी."

आई डोळे मिटून जोर लावत होती, कपाळाची शीर उठली होती. मग पट्टी म्हणाली, "थांबा, ह्यांनाच बोलावते."

डॉक्टरांनी कागद उलटा घालून ठेवला. "आज एवढं पुरे, काकू."

अंगणात त्या गौतमीशी हळू बोलल्या. "कवळी असते ना, तसं आहे हे. आठ महिन्यांपूर्वीच्या मापाची आहे. हिरड्या मधल्या काळात बदलल्या. यंत्राची प्रत घेता येते हो. तिच्या मेंदूची कुठं घेतो आपण?"

"ही वाक्यं काढून टाकली तर? बाबांबद्दलची तेवढी?"

"ती अशी फडताळात वेगळी ठेवलेली नसतात. तुम्हाला माहितीये. जेवणाची वेळ, चहा, नळाचं पाणी, विजेचं बिल, सगळ्यात ते आहेत. ओढून काढायला गेलात तर तिचं अर्धं बोलणं हाताला येईल."

गौतमीला माहीत होतं. तरी तिने विचारलं होतं.

"मागच्या वेळी जमवलं होतं त्यांनी," डॉक्टर चपला घालत म्हणाल्या. "पुन्हा जमवतील. चिमटी मात्र चुकवू देऊ नका. दाबली नाही तर यंत्र तेच खरं धरणार."

*

मागच्या वेळी यंत्र आणि मेंदू एकमेकांच्या सवयीचे होते. आता आई ज्या बाजूने ढकलायची तिथे दारच नव्हतं. एक साधं वाक्य सुधारायला सकाळ जायची. 'ह्यांचा डबा भरलास का' हे वाक्य तर दिवसात कितीदा यायचं, बाबा निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी. झटक्यानंतर आई थट्टेने तसं विचारायची आणि बाबा थट्टेने, आज कँटीनला खातो, म्हणायचे. यंत्राला थट्टा कळली नव्हती. नेम तेवढा कळला होता.

आई चिमटी दाबायची. प्रत्येक वेळी. पण आठ महिन्यांपूर्वी चिमटी दाबताना तिच्या चेहऱ्यावर जी जिद्द होती ती गौतमीला आता दिसत नव्हती. माणूस एकदा पोचवून झालं होतं. कुणीतरी त्याला पुन्हा दारात आणून उभं केलं होतं आणि म्हणत होतं, परत न्या.

प्रतींची व्यवस्था आता चोख होती. प्रश्नही नव्हता, बटणही नव्हतं. दुपारी ठरल्या वेळी यंत्र थांबायचं. गौतमी आठवड्यातून एकदा प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर सगळं उभं करून पाहायची. सगळं जसंच्या तसं उभं राहायचं.

एका सकाळी मुजावरकाका आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली डिस्क होती. बाबांच्या वयाचे, पण त्या आठ महिन्यांत एकदम म्हातारे दिसू लागलेले. महिनाभर मुलाकडे हुबळीला होते, आल्या आल्या कळलं म्हणाले.

"न्यूट्रल तुटला, आणि घरात संरक्षणाचा स्विच नाही? प्रभाकरच्या घरात?" ते मीटरकडे बघत म्हणाले. "दुसऱ्यांना शिव्या घालायचा तो यावरून." मग त्यांनी पिशवी पुढे केली. "हे आण म्हटलं. यात काही नवीन असेल तर बघ बाळ."

"यात तोच रविवार आहे, काका."

"तोच?"

"बाबांनी आणून ठेवलेला. नंतर कुणी आलंच नाही तुमच्याकडे."

काकांनी पिशवी मांडीवर ठेवली. तिच्यावरून हात फिरवत राहिले. "हमीदा म्हणायची, डिस्क बदलायला कुणी येत नाही, फोन करा. मी म्हटलं, पोरीला कशाला आठवण करून द्यायची." मग ते म्हणाले, "मी करायला पाहिजे होता."

आई आतून आली, भिंतीला धरत. काका उठून उभे राहिले.

"वहिनी, कशा आहात?"

आईचा चेहरा उजळला. तिला त्यांच्याशी पुष्कळ बोलायचं असणार. पट्टीतून आवाज आला, मोकळा, पाहुणचाराचा. "या या, मुजावर. बसा. हे आत्ताच तुमची आठवण काढत होते."

आईची बोटं जुळली. चिमटी. तिने पुन्हा प्रयत्न केला.

"पत्ते काढू का? हे येतातच."

चिमटी.

काकांनी पुढे होऊन तिला खुर्चीपर्यंत आणलं. "बसा वहिनी. तुम्ही काय म्हणताय ते मला कळतंय. ते काय बोलतंय ते राहू द्या." आणि मग, तिचं लक्ष वळवायला, हुबळीच्या नातीचं सांगत बसले. ती शाळेत मराठी, कानडी, उर्दू तिन्ही भाषांत खोटं बोलते म्हणाले. आई हसली. पट्टी हसत नसे, ते हसू तिचं स्वतःचं होतं. निघताना काकांनी डिस्क टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. "ही मी नेऊ परत?"

"कशाला, काका? नवीन देते ना मी."

"नवीन दे. पण हीसुद्धा असू दे माझ्याकडे." ते पिशवीला गाठ मारत होते. "यात तो आहे की अजून."

आईने ते ऐकलं. गौतमीने वळून पाहिलं तेव्हा आई काकांच्या हातातल्या पिशवीकडे बघत होती. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. विचार करताना, एखाद्या गिऱ्हाइकाला कुठली योजना सुचवावी हे मनात जुळवताना असायचा तसा शांतपणा होता.

त्या दिवसापासून चिमटी कमी होत गेली. आधी गौतमीला वाटलं, आईचं बोलणं सुधारतंय. मग लक्षात आलं की वाक्यं तीच आहेत.

"आई, दाब ना," ती म्हणाली. "ते बरोबर धरेल मग."

आईने दाबली, आज्ञाधारकपणे. पुढच्या वाक्याला दाबली नाही.

"तुला सोपं जातंय म्हणून का? की दमलीस?"

यावर आईला काहीतरी नेमकं सांगायचं होतं. ती बराच वेळ गौतमीच्या डोळ्यांत बघत राहिली, मनात वाक्य धरून. यंत्राने जमेल तेवढं ऐकलं, उरलेलं भरलं, आणि म्हणालं, "ह्यांना विचार."

आठवड्याभराने डॉक्टर तांबटांचा फोन आला. गौतमी मधल्या खोलीत होती. आई तिथेच पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, शेजारची जागा मोकळी सोडून.

"प्रगती कशी आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "चुका किती टक्के येतायत?"

"यंत्राच्या नोंदीत फार कमी," गौतमी म्हणाली. "जवळजवळ नाहीतच."

"अरे वा. बघा, म्हटलं नव्हतं मी?"

"तसं नाही, डॉक्टर. चुका होतायत. ती नोंदवत नाही. मी किती सांगू तिला? मी तिच्या हातावर हात ठेवून चिमटी दाबू का?" तिचा आवाज चढला होता, तिच्या लक्षात आलं नाही. "असंच चाललं तर थोड्या दिवसांत यंत्राला हेच..."

"गौतू," आईचा आवाज आला. "हळू बोल. हे झोपलेत."

गौतमीने आईच्या हाताकडे पाहिलं. तर्जनी आणि अंगठा एकमेकांकडे वळले. मधे दाणा मावेल एवढं अंतर राहिलं. मग बोटं सैल झाली आणि हात शेजारच्या मोकळ्या जागेवर, चादरीवर, जाऊन विसावला.

"हॅलो? ऐकू येतंय ना?" डॉक्टर विचारत होत्या.

"येतंय," गौतमी म्हणाली. तिने आवाज खाली आणला होता. फोन कानाला धरूनच ती बाहेर आली आणि दार वाजणार नाही अशा बेताने ओढून घेतलं.